चीनची वास्तुकला शिकायची तर आधी खण मोजायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही सोलापूरला शाळेत इतिहास शिकवता. चीनचा इतिहास आणि तिथली जुनी-नवी वास्तुकला समजून घ्यायची आहे, पण पुस्तक उघडलं की घराण्यांची यादी सुरू होते आणि चौथ्या-पाचव्या नावाला लक्ष उडतं. चिनी भाषा येत नाही. पुढच्या वर्षी पंधरा दिवस हाताशी आहेत. सुरुवात कुठून करायची, काय बघायचं आणि परत आल्यावर मुलांना काय द्यायचं?

मी गेली अठ्ठावीस वर्षं जुन्या लाकडी वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते. चीनच्या इमारतींकडे वळले ती या कामामुळेच. पाचशे, हजार वर्षं उभं राहिलेलं लाकूड जगात कुठे आहे हे शोधत गेलं की माणूस जपानला पोचतो, नाहीतर चीनच्या शान्शी प्रांतात. मी तीनदा जाऊन आले. त्या आधारावर सांगते: यादी बाजूला ठेवा आणि एक इमारत नीट वाचायला शिका. घराण्यांची नावं मग आपोआप तिच्याभोवती बसतात.

वाचायची कशी, तर आपल्याकडे त्यासाठी लागणारा शब्द आधीपासून आहे: खण. पाच खणी सोपा, सात खणी माडी असं आपण म्हणतो तेव्हा खोल्या मोजत नसतो, खांबांमधल्या जागा मोजत असतो. चिनी सुतार नेमकं हेच करत आला आहे. त्यांच्या भाषेत या मापाला 'ज्येन' म्हणतात. खांब, त्यांच्यावर तुळया, मधे एक ज्येन. भिंत नंतर येते, आणि ती वजन घेत नाही. 'भिंत पडली तरी घर पडत नाही' अशी त्यांची म्हण आहे. वाड्याची विटांची भिंत भिजून फुगलेली आणि सागवानी सांगाडा मात्र जागच्या जागी उभा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ती म्हण समजावून सांगावी लागत नाही. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडावर उभा करतात. आपला तळखडा, तसाच.

खण सहसा विषम असतात आणि मधला सगळ्यात रुंद असतो. शिवाय खणांवर कायदा होता. मिंग घराण्याच्या काळात (चौदावं ते सतरावं शतक) साध्या रयतेच्या घराला दर्शनी तीन खणांपेक्षा जास्त बांधायची परवानगी नव्हती. बीजिंगच्या राजवाड्यातल्या सर्वोच्च दालनाला अकरा खण आहेत. म्हणजे दारासमोर उभं राहून खांबांमधली अंतरं मोजलीत की मालकाची पायरी कळली. एका अक्षराचीही गरज नाही. तुमच्या भागात माळवदाची जुनी घरं अजून आहेत. जायच्या आधी अशा चार घरांत खण मोजा, तुळई खांबावर कशी बसलीय ते बघा, कागदावर काढा. ही तयारी कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता छप्पर. चिनी इमारतीचा जीव तिथेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत कैची आली, म्हणजे त्रिकोणी बांधणी, आणि उतार सरळ झाला. चिनी छप्पर त्रिकोणी कैचीवर उभं नसतं. लांब तुळई, तिच्यावर दोन आखूड खुंट, त्यांच्यावर आखूड तुळई, पुन्हा खुंट, पुन्हा त्याहून आखूड तुळई, अशी उतरंड. प्रत्येक पायरीच्या टोकावर एक आडवं लाकूड आणि त्यावर वासे. प्रत्येक पायरीची उंची सुतार वेगळी ठेवू शकतो. खाली कमी, वर जास्त. त्यामुळे वाशांचे तुकडे वेगवेगळ्या उतारावर बसतात आणि छपराला तो बाक येतो. वाकवलेलं लाकूड त्यात एकही नसतं. भुतं घसरून पडावीत म्हणून छप्पर वाकडं करतात असं वाटाडे सांगतात. ऐकून घ्या, पण लक्षात हे ठेवा की बाक त्या उतरंडीतून आलाय. वरचा तीव्र उतार पाणी झटकन खाली आणतो आणि खालचा सपाट भाग ते भिंतीपासून लांब फेकतो.

पाणी लांब फेकायचं तर वळचण लांब हवी. लाकडाला आणि मातीच्या भिंतीला पावसाइतका दुसरा शत्रू नाही. पण वळचण खांबापुढे तीन-चार मीटर अधांतरी काढायची म्हणजे तिला धरून ठेवणारं काहीतरी लागणार. ते म्हणजे दौगोंग. आपल्या वाड्यात खांबाच्या डोक्यावर लाकडी हस्त असतात, त्यांचं हे फार पुढे गेलेलं रूप समजा. खांबाच्या डोक्यावर एक चौकोनी ठोकळा. त्यात अधिक चिन्हासारखी खाच. खाचेत दोन बाहू, एक भिंतीला समांतर, एक बाहेर डोकावणारा. त्यांच्या टोकांवर लहान ठोकळे, त्यांत पुन्हा बाहू, आणि दर थराला बाहू थोडा पुढे सरकलेला. उघडलेल्या ओंजळीवर दुसरी मोठी ओंजळ ठेवावी तसं. मोठ्या इमारतींत या जुडग्यातून एक तिरपं लाकूडही जातं. त्याचं बाहेरचं टोक वळचणीखाली असतं, आतलं टोक छपराच्या आडव्या लाकडाखाली. बाहेर वळचणीचं ओझं, आत छपराचं, मधे टेकू. तराजूच आहे तो.

'एकही खिळा न वापरता' हे वाक्य तुम्हाला दहा ठिकाणी भेटेल. ते अर्धंच खरं आहे. दौगोंगचे सांधे खाच आणि कुसू यांचे असतात, पण वासे मात्र खिळ्यांनीच ठोकलेले असतात. सांधे मोकळे असण्याचा खरा फायदा भूकंपात दिसतो. खांब दगडावर नुसता टेकलेला, वर शेकडो सांधे एकमेकांवर घासणारे, त्यामुळे हादरा जिरतो. त्येनजिनजवळच्या दुले मंदिरातला अवलोकितेश्वराचा मजली मंडप ९८४ सालचा. आत सोळा मीटर उंचीची मूर्ती, तिच्याभोवती लाकडी मजले. १९७६ च्या तांगशान भूकंपात आसपासची घरं कोसळली, मंडप उभा राहिला.

दौगोंगवरून काळही ओळखता येतो, आणि इथेच तुमची घराण्यांची यादी सोपी होते. तांग काळातली (सातवं ते दहावं शतक) जुडगी प्रचंड असतात, खांबाच्या जवळपास निम्म्या उंचीची, आणि दोन खांबांमधे जेमतेम एक. ती काम करतात आणि ते काम करताना दिसतात. सोंग काळात (दहावं ते तेरावं शतक) ती नाजूक आणि संख्येने जास्त होतात. मिंग आणि चिंग काळापर्यंत (चौदावं ते विसावं शतक) ती इतकी आक्रसतात की वळचणीखाली रंगीत झालरीसारखी ओळ दिसते, एका खणात सात-आठ. ओझं बहुतांशी तुळयांनी उचललेलं असतं. वळचणीखाली उभं राहा आणि मान वर करा. ठोकळे मोठे आणि विरळ असतील तर जुनं, बारीक आणि दाट असतील तर अलीकडचं. नऊशे वर्षांचा अंदाज दहा सेकंदांत येतो.

हे ज्ञान आज आपल्याला इतक्या सहज मिळतं ते दोन माणसांमुळे, आणि त्यांची हकिकत तुम्ही वर्गात सांगावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. लियांग सिचेंग आणि त्याची बायको लिन हुईयिन. दोघं अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकले. लिनला वास्तुकलेच्या वर्गात प्रवेश मिळाला नाही, कारण ती मुलगी होती. तिने नाव ललित कलेत घातलं आणि वास्तुकलेचे विषय तरीही शिकली. त्या विद्यापीठाने तिला वास्तुकलेची पदवी दिली ती २०२४ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर एकोणसत्तर वर्षांनी. १९२४ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर चीनला गेले होते तेव्हा त्यांच्यासोबत दुभाष्याचं काम करणाऱ्यांत ही एकोणीस वर्षांची लिन होती.

१९२५ मध्ये लियांगच्या वडिलांनी त्याला अमेरिकेत एक ग्रंथ पाठवला: यिंगझाव फाशी. सोंग दरबारचा अधिकारी ली ज्ये याने ११०० साली पुरा केलेला आणि ११०३ मध्ये छापलेला बांधकामाचा सरकारी ग्रंथ. त्याची एक हस्तलिखित प्रत १९१९ मध्ये नानजिंगच्या ग्रंथालयात सापडली आणि त्यानंतर तो पुन्हा छापला गेला. पण वाचून कोणालाच उलगडेना. शब्द सुतारांचे, आणि ते सुतार जाऊन शेकडो वर्षं झालेली. त्याला काव्यशास्त्र समजू नका. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची असते तसा तो आहे: कोणत्या कामाला किती लाकूड, किती मजुरी, किती दिवस. कंत्राटात पैसा मुरू नये म्हणून बादशहाने तो करवून घेतला. पण त्यात एक विलक्षण गोष्ट आहे. सगळी इमारत एका मापावर बांधलेली आहे. दौगोंगच्या बाहूचा छेद, उंची पंधरा भाग आणि रुंदी दहा भाग. या छेदाच्या आठ श्रेणी ठरलेल्या. राजवाड्याला पहिली, लहानशा मंडपाला आठवी. एकदा श्रेणी ठरली की खांबाची जाडी, तुळईची उंची, सगळं त्या भागांच्या पटीत. नकाशा न काढताही शंभर सुतार शंभर ठिकाणी लाकूड कापू शकतात आणि जोडताना ते बसतं.

तर लियांग आणि लिन १९३२ पासून खेचरावर, बैलगाडीत, पायी फिरत मंदिरं मोजू लागले. ग्रंथातला शब्द आणि छपरातलं लाकूड यांचा मेळ घालायचा. यिंगश्येन गावात एक अजस्र लाकडी मनोरा आहे असं ऐकलं, पण तो खरंच उभा आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. लियांगने 'यिंगश्येनमधला सर्वांत चांगला फोटो स्टुडिओ' एवढ्याच पत्त्यावर पत्र टाकलं आणि मनोऱ्याचा फोटो मागवला. फोटो आला. मग तो निघाला.

त्या काळात जपानी अभ्यासक म्हणत होते की चीनमध्ये तांग काळातली एकही लाकडी इमारत उरलेली नाही, ती बघायची तर जपानमध्ये नाराला यावं लागेल. लियांग आणि लिनला हे बोचत होतं. वायव्य चीनमधल्या तुनहुआंगच्या एकसष्ट क्रमांकाच्या लेण्यात भिंतभर वुताय पर्वताचं चित्र आहे, दहाव्या शतकातलं, मंदिरांची नावं लिहिलेलं. त्या चित्राच्या छायाचित्रात त्यांना 'फोग्वांग मंदिर' दिसलं. यात्रेकरूंच्या वाटेपासून बाजूला, म्हणून कदाचित टिकलं असेल. १९३७ च्या जूनअखेर ते तिथे पोचले.

सात खण दर्शनी, चार खण खोल, आणि वळचणीखाली ती प्रचंड जुडगी. बघताक्षणी काळ कळला, पण पुरावा हवा. दोघं छपराखालच्या अंधारात चढले. हजारो वटवाघळं, जाड थर झालेली धूळ, आणि ढेकूण. तिथे तासन्तास सरपटत मोजमापं घेतली. मग एके दिवशी खाली उभ्या असलेल्या लिनला तुळईच्या पोटाला पुसट शाई दिसली. तिची लांबची नजर चांगली होती, इतरांना काही दिसत नव्हतं. गावकऱ्यांकडून परांची बांधून घेतली, कापड ओलं करून तुळया पुसल्या. अक्षरं वर आली: दानकर्ती निंग गोंगयू. एका बाईचं नाव. मंदिरासमोर दगडी स्तंभावर तेच नाव आणि साल होतं. आपल्या गणनेने ८५७. आणि मूर्तींच्या ओट्याच्या कडेला साध्या कपड्यातली, मांडी घालून बसलेली एक बाई होती, जिच्याकडे आतापर्यंत कोणी लक्ष दिलं नव्हतं. तीच ही दानकर्ती. लिनने तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

त्यानंतर काही दिवसांतच बीजिंगजवळ जपानी सैन्याशी चकमक उडाली आणि युद्ध पेटलं. दोघं नैऋत्येकडे पळाले, लिनला क्षयाने गाठलं, आणि त्येनजिनच्या बँकेच्या तळघरात जपून ठेवलेल्या त्यांच्या छायाचित्रांच्या काचा (निगेटिव्ह) १९३९ च्या पुरात गेल्या. तरीही त्यांनी चीनच्या वास्तुकलेचा इतिहास लिहून काढला.

फोग्वांगला मी दुसऱ्या खेपेस गेले तेव्हा सकाळी साडेआठला अंगणात मी आणि एक झाडूवाल्या मावशी, एवढेच होतो. उंबऱ्याशी उभं राहिल्यावर दिसतं की कोपऱ्यातले खांब मधल्या खांबांपेक्षा किंचित उंच आहेत आणि सगळेच किंचित आत कललेले. त्यामुळे वळचणीची रेघ मधे सपाट आणि टोकांना हळूच वर जाते. डोळ्याला ती चटकन कळत नाही, छातीत मात्र काहीतरी हलकं होतं. मी वहीत ती रेघ अकरा वेळा काढली.

याहून जुनं मंदिर पुढे १९५३ मध्ये सापडलं: नानचान, ७८२ सालचं. तीन खणांचं, आत एकही खांब नाही. ८४५ मध्ये बादशहाने बौद्ध मंदिरं पाडायचा सपाटा लावला होता, त्यात हे आडगावचं म्हणून सुटलं असणार. पण एक गोष्ट दुरुस्तीवाली म्हणून सांगायलाच हवी. आज जी देखणी लांब वळचण दिसते ती १९७० च्या दशकातल्या दुरुस्तीत पुन्हा वाढवलेली आहे. मधल्या काळात ती कापली गेली होती. सांगाडा बाराशे वर्षांचा, चेहरा मात्र आपल्या काळातल्या तज्ज्ञांनी विचारपूर्वक ठरवलेला. चीनमध्ये 'हे किती जुनं' या प्रश्नाला बहुतेकदा असं दुहेरी उत्तर असतं.

साल लक्षात ठेवण्याची माझी युक्ती सांगते. प्रत्येक चिनी इमारत आपल्या एखाद्या खुंटीला टांगायची. नानचान उभं राहत होतं त्याच शतकात वेरूळचं कैलास कोरलं गेलं. फोग्वांग म्हणजे राष्ट्रकूट अमोघवर्षाचा काळ. यिंगश्येनचा लाकडी मनोरा १०५६ चा आणि अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं. चार वर्षांचं अंतर! तिकडे उत्तर चीनमधले ल्याव घराण्याचे खितान राजे ६७ मीटर उंच लाकूड रचतायत, इकडे शिलाहार दगड कोरतायत. बीजिंगच्या राजवाड्यातलं ताइहे दालन, तेच अकरा खणांचं, आज दिसतं ते १६९५ मध्ये पुन्हा बांधायला घेतलेलं, म्हणजे राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हाचं. चिंग बादशहा च्येनलोंग १७३५ मध्ये गादीवर आला तेव्हा शनिवारवाडा नुकताच उभा राहिला होता. तुमच्या विद्यार्थ्यांना हे सांगून बघा.

एके ठिकाणी मात्र आपली आणि त्यांची वाट खरोखरच एकत्र येते. दातोंगजवळची युनगांग लेणी ४६० च्या सुमाराला सुरू झाली. अजिंठ्याच्या महायान लेण्यांचं मोठं काम त्याच शतकाच्या उत्तरार्धातलं. कार्ले-भाज्याच्या चैत्यात जसा टोकाला स्तूप असतो आणि त्याला प्रदक्षिणा घालतात, तशी युनगांग आणि तुनहुआंगच्या अनेक लेण्यांत मधोमध चौकोनी स्तंभ असतो, चारही बाजूंनी मूर्ती कोरलेला, प्रदक्षिणेसाठी. कल्पना आपल्याकडची, पण तिथे पोचेपर्यंत गोल स्तूपाचा मजली मनोरा झालेला. पॅगोडा म्हणतात तो हाच. विटांचा सर्वांत जुना टिकलेला पॅगोडा हेनान प्रांतात सोंगयुए इथे आहे, ५२३ सालचा, बारा बाजूंचा. आणि शिआनचा मोठा हंस पॅगोडा ह्युएनत्संगने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये उभारला गेला. हाच ह्युएनत्संग पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात, येऊन गेला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं त्याने लिहून ठेवलंय. त्या पॅगोड्याच्या पायथ्याशी मराठी माणसाने पाच मिनिटं शांत उभं राहावं.

बीजिंगच्या राजवाड्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून तीनच गोष्टी. एक, १४०६ ते १४२० मध्ये तो बांधला आणि १४२१ मध्ये, उद्घाटनाला काही महिने होतात न होतात तोच, वीज पडून तिन्ही मुख्य दालनं जळाली. त्यानंतरही अनेकदा जळाली. दर वेळी पुन्हा उभी राहिली. १६९५ च्या कामाआधी ल्यांग ज्यू नावाच्या सुताराने दालनाची लाकडी प्रतिकृती करून दाखवली होती. दोन, छपराच्या कोपऱ्यावरच्या कण्यावर मातीचे छोटे प्राणी ओळीने बसलेले असतात, ते मोजा. ताइहे दालनावर दहा आहेत, इतके दुसरीकडे कुठेच नाहीत. तीन, सगळीकडे पिवळी कौलं असताना एका इमारतीवर काळी दिसतील. ते ग्रंथालय आहे. काळा हा पाण्याचा रंग, आणि ग्रंथांना भीती आगीची. प्रवासाआधी ऑनलाइन तिकीट काढावं लागतं, पासपोर्ट लागतो, आणि सोमवारी बंद असतो.

चीनची भिंत बघाच, पण ती 'एक' भिंत नाही हे मुलांना सांगा. बीजिंगजवळची विटांची भिंत मिंग काळातली. पश्चिमेकडे जाल तसतशी ती चोपलेल्या मातीची होते.

आता आधुनिक. शांघायचे मनोरे बघायला हरकत नाही. शांघाय टॉवर ६३२ मीटर उंच आहे आणि नदीकाठी संध्याकाळी सुंदर दिसतो. पण चीनचं आधुनिकपण समजून घ्यायला मी तुम्हाला दुसरीकडे नेईन.

१९५० मध्ये लियांग सिचेंगने, नगररचनाकार चेन झानश्यांगबरोबर, सरकारला एक आराखडा दिला: नव्या राजधानीच्या कचेऱ्या जुन्या बीजिंगच्या पश्चिमेला बांधा, जुनं शहर तटबंदीसकट राखा, तटावर लोकांसाठी बाग करा. तो नाकारला गेला. पुढच्या दोन दशकांत तट आणि बहुतेक वेशी पाडल्या गेल्या. त्या जागी रस्ता झाला, खालून भुयारी रेल्वे गेली. लिन १९५५ मध्ये वारली. लियांगवर 'मोठ्या छपरांचा', म्हणजे नव्या इमारतींवर जुन्या धर्तीची छपरं चढवण्याचा, उधळा पुरस्कर्ता म्हणून टीका झाली, सांस्कृतिक क्रांतीत त्याची जाहीर विटंबना झाली, आणि १९७२ मध्ये तो गेला. १९५७ मध्ये पाडलेली योंगदिंग वेस २००४ मध्ये पुन्हा बांधली. दातोंगचा तटही असाच अलीकडे नव्याने उभारलेला आहे. मला त्या नव्या तटावर चालताना आनंद झाला नाही. आपल्याकडे वाडा पाडून त्याच दरवाजाची सिमेंटची नक्कल सोसायटीच्या तोंडाशी उभी करतात, त्याची आठवण झाली.

याला खरं उत्तर दिलं ते वांग शू आणि लू वेनयू या जोडप्याने. निंगबोचं इतिहास संग्रहालय, २००८. ज्या परिसरात ते उभं आहे तिथली जुनी गावं पाडली गेली होती आणि विटा-कौलांचे ढीग पडलेले होते. त्यांनी तेच गोळा केले. त्या भागात वादळानंतर पडझडीतून मिळेल ते तुकडे रचून भिंत बांधायची जुनी रीत आहे, तिला 'वापान' म्हणतात. रीत माहीत असलेले गवंडी शोधले आणि चोवीस मीटर उंच इमारतीच्या भिंती तशा रचून घेतल्या. जवळ जाऊन बघा. करड्या विटेचा एक थर, त्यावर आडव्या कौलांच्या पातळ कडा, मधेच एक लाल वीट, कुठे तुटकं मडकं. काँक्रीटच्या भागांवर बांबूच्या साच्याचे वळ उठलेले. मी तिथे एका आजोबांना भिंतीवरून हात फिरवताना पाहिलं. काय शोधत होते कोण जाणे, पण बराच वेळ फिरवत होते. वांग शूला २०१२ मध्ये वास्तुकलेतला सर्वांत मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये तो चंगतूच्या ल्यू ज्याखुनला मिळाला. त्याने २००८ च्या सिचुआन भूकंपाच्या राडारोड्यातून नव्या विटा पाडल्या.

पंधरा दिवसांचा मार्ग मी असा आखेन. बीजिंग चार दिवस. तिथून रेल्वेने शिच्याच्वांग. सोलापूरच्या माणसाला हे नाव ओळखीचं हवं, कारण डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी इथल्या हुतात्मा स्मारकात आहे. आपल्या शहरातला मुलगा ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तीसाव्या वर्षी, याच हबे प्रांतात जखमींची सेवा करताना गेला. फुलं घेऊन जा. शहराजवळच जंगदिंगला १०५२ सालचा मोनी मंडप आहे, चारही बाजूंना पुढे आलेल्या देवड्यांचा, आणि झावश्येनला ली चुनने सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी बांधलेला दगडी पूल. ३७ मीटरची एकच सपाट कमान, आणि दोन्ही खांद्यांवर छोट्या कमानी मोकळ्या सोडलेल्या, पुराचं पाणी जावं आणि वजन कमी व्हावं म्हणून. मग तायुआन, तिथून गाडी करून फोग्वांग आणि नानचान. पुढे यिंगश्येन. मनोऱ्यावर चढू देत नाहीत, दुसरा मजला कललेला आहे. १९३० च्या दशकात हौसेने खांबांमधल्या मातीच्या भिंती आणि त्यांतले तिरपे आधार काढून जाळीची दारं बसवली, त्याने तो कमजोर झाला. शेवटी दातोंग आणि युनगांग. शांघाय-निंगबोसाठी तीन दिवस उरतात. शिआन या फेरीत जमणार नाही, त्यासाठी पुन्हा जा. आणि तिकीट काढताना जपा: तायुआनचा प्रांत आणि शिआनचा प्रांत, दोन्हींचं नाव आपल्या कानाला 'शान्शी'च ऐकू येतं. नेहमी शहराचं नाव सांगा. शक्यतो मे किंवा सप्टेंबर निवडा. वुतायच्या बाजूला थंडी लवकर येते.

भाषेचं म्हणाल तर दहा-पंधरा चिन्हं शिका: मंदिर, पॅगोडा, दालन, पूल, वेस, आणि घराण्यांची सहा नावं. फलकावर ती ओळखू आली की पुष्कळ झालं.

मुलांसाठी जाडा पुठ्ठा घ्या. पंधरास दहा या प्रमाणाच्या पट्ट्या कापा, प्रत्येकीच्या मधोमध निम्म्या उंचीची खाच. एकीला खाच वरून, दुसरीला खालून. दोन पट्ट्या अधिक चिन्हासारख्या बसवा, टोकांवर ठोकळे ठेवा, त्यावर थोड्या लांब पट्ट्यांचा दुसरा थर, मग तिसरा. गोंद वापरू देऊ नका. वर वही ठेवा, मग दुसरी, मग दप्तर, आणि शेवटी टेबल हलवा.